च कुठे लागला ते पाहा: सशर्त विधाने आणि त्यांचे कॉन्ट्रापॉझिटिव्ह

तर्कक्षमतेच्या प्रश्नांत गुण गमावणाऱ्या विद्यार्थ्यांची कच्च्या कामाची पाने मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. विचार करता न आल्यामुळे उत्तर चुकले, असे त्यांत फार क्वचित आढळते. बहुतेक वेळा चुकलेला असतो तो बाण. ‘अ असेल तर ब’ या विधानाचा बाण अ कडून ब कडे काढायचा असतो आणि विद्यार्थ्याने तो घाईत ब कडून अ कडे काढलेला असतो. त्यापुढचे सगळे काम नीटनेटके असूनही उत्तर चुकीचे येते. म्हणून या लेखात वाक्याचा बाण करण्याच्या कामाला मी जास्त जागा दिली आहे. बाण एकदा बरोबर काढला की पुढचे तर्कशास्त्र थोडेसेच उरते.

आधी ते थोडेसे तर्कशास्त्र पाहू. ‘चौकोन चौरस असेल तर तो आयत असतो’ हे विधान चौरस → आयत असे लिहायचे. बाणाच्या शेपटाकडची बाजू ही पुरेशी अट, म्हणजे ती पूर्ण झाली की पुढचे आपोआप ठरते. टोकाकडची बाजू ही आवश्यक अट, म्हणजे तिच्याशिवाय मागचे शक्यच नसते. या एका बाणातून दुसरा एक बाण फुकट मिळतो: दोन्ही बाजूंना नकार लावायचा आणि दिशा उलटवायची. आयत नाही → चौरस नाही. यालाच वर्गात सगळे कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात. मूळ विधान खरे असेल तर हेही खरे असते आणि ते खोटे असेल तर हेही खोटे असते. ही दोन वेगळी विधाने नसून एकच विधान दोन टोकांनी वाचलेले असते.

याच्या जवळपास दोन फसवी रूपे असतात. नुसती दिशा उलटवली की ‘आयत असेल तर चौरस असतो’ असे होते. शाळेच्या भूमितीत ज्याला आपण व्यत्यास म्हणतो, तो हा. नुसता नकार लावला की ‘चौरस नसेल तर आयत नसतो’ असे होते. तीन सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर लांब असा एक आयत कागदावर काढला की दोन्ही एकदम खोटी ठरतात. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा आहे हे पुस्तकात वेगळे सिद्ध करून दाखवावे लागते, यावरूनच व्यत्यास आपोआप मिळत नसतो हे लक्षात यावे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. न्यायशास्त्रातले, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातले, ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे उदाहरण सर्वांच्या ऐकण्यातले आहे, पण त्याचा दुसरा अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही. नैयायिक, म्हणजे हे शास्त्र मांडणारे पंडित, या नियमाला अन्वयव्याप्ती म्हणतात आणि त्यासाठी स्वयंपाकघराचा दाखला देतात. त्याच्या जोडीला ते व्यतिरेकव्याप्ती सांगतात, ती अशी की जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसे मोठे सरोवर. हे धूर → अग्नी या बाणाचे तंतोतंत कॉन्ट्रापॉझिटिव्ह आहे. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ या व्यत्यासाला तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण देऊन त्यांनी खोडून काढले आहे, कारण त्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. परीक्षेत एखादा पर्याय व्यत्यास असल्याचा संशय आला की असा एक लोखंडी गोळा शोधावा, म्हणजे नियम मोडत नाही पण पर्याय खोटा पडतो असे एकच उदाहरण. ते सापडले की पर्याय बाद.

आता बाणाच्या दिशेकडे येऊ, कारण खरी मेख तेथे आहे. मराठीत दिशा ठरवण्याचे काम बहुतेक वेळा ‘च’ हे एकच अक्षर करते. पुढील दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत: ‘पासधारकच आत जाऊ शकतात’ आणि ‘पासधारक आत जाऊच शकतात’. पहिल्याचा अर्थ असा की जो आत गेला त्याच्याकडे पास असलाच पाहिजे. आत → पास. पास असूनही दारावर कोणाला अडवले जाणार नाही, अशी हमी त्यात नाही. दुसऱ्याचा अर्थ असा की पास असला की प्रवेश नक्की. पास → आत. पास नसलेलेही आत जात असतील का, याविषयी ते काहीच सांगत नाही. शब्द तेच, पण बाण उलटा. यातून एक साधी खूण हाती लागते: ‘च’ ज्याला चिकटला असेल, त्याच्याकडे बाणाचे टोक.

हीच खूण ‘तरच’ या शब्दालाही लागू पडते. ‘पास असेल तरच आत जाता येईल’ यात ‘च’ पासाच्या अटीला लागून आहे, म्हणून आत → पास. ‘पास असेल तर आत जाता येईलच’ यात तो परिणामाला लागला आहे, म्हणून पास → आत. ‘फक्त’ आणि ‘केवळ’ हे शब्द आधी येऊन हेच काम करतात. ‘फक्त पासधारक आत जाऊ शकतात’ म्हणजे पासधारकच. मात्र ‘केवळ पास असून चालत नाही’ हे वाक्य वेगळ्या जातीचे आहे. पास ही पुरेशी अट नाही एवढेच ते सांगते. तसेच ‘तो येणारच’ किंवा ‘सगळेच आले’ यांतला ‘च’ नुसता जोर देणारा असतो, त्यातून कोणतीही अट काढत बसू नये.

‘शिवाय’ आणि ‘खेरीज’ या शब्दांची तऱ्हा अशी की ते ज्या गोष्टीला लागतात ती आवश्यक अट असते. ‘ओळखपत्राशिवाय परीक्षा देता येणार नाही’ म्हणजे परीक्षा → ओळखपत्र. येथे वाक्यच मुळात नकारात आहे, म्हणजे कॉन्ट्रापॉझिटिव्ह आपल्यासमोर आधीच मांडलेले आहे: ओळखपत्र नाही → परीक्षा नाही. ‘जोपर्यंत दुरुस्ती होत नाही तोपर्यंत पूल खुला होणार नाही’ हे वाक्यही याच कुळातले, पण अधिक धोक्याचे, कारण दुरुस्ती झाली की पूल खुला होईल असे ते वाचताना मनात येतेच येते. विधान एवढेच सांगते की पूल खुला → दुरुस्ती झालेली. दुरुस्तीनंतर उद्घाटनाला पाहुणे मिळेपर्यंत पूल तसाच पडून राहिला, तरी विधान खोटे ठरत नाही. राज्यसेवेसारख्या परीक्षांत प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत छापलेला असतो. तेथे ‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’ आणि ‘अनलेस’ म्हणजे ‘नसेल तर’ एवढे पक्के असले, की मराठी वाक्य संदिग्ध वाटल्यास इंग्रजीवरून खात्री करून घेता येते.

संदिग्धतेचा विषय निघालाच आहे तर नकाराविषयीही सांगतो. ‘सर्व सदस्य आले नाहीत’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात: एकही आला नाही, किंवा काही आले आणि काही आले नाहीत. ‘सर्व सदस्य आले’ याचा तर्कशास्त्रातला नकार दुसरा आहे, म्हणजे निदान एक सदस्य आला नाही. म्हणून कॉन्ट्रापॉझिटिव्ह लिहिताना ‘सर्व’पुढे नुसते ‘नाही’ जोडू नये. ‘निदान एक नाही’ असे लिहावे. त्याचप्रमाणे ‘गरम’चा नकार ‘थंड’ नव्हे, ‘गरम नाही’ हाच. चहा कोमटही असू शकतो. ‘वय १८ पेक्षा जास्त’ याचा नकार ‘१८ पेक्षा कमी’ नव्हे, तर ‘१८ किंवा त्याहून कमी’. प्रश्नकर्ते ही फट हमखास वापरतात.

अट दुहेरी असेल तर नकार लावताना ‘आणि’चे ‘किंवा’ होते आणि ‘किंवा’चे ‘आणि’. समजा नियम असा आहे: निवड झाली तर उमेदवार पदवीधर असतो आणि त्याला मराठी लिहिता येते. कॉन्ट्रापॉझिटिव्ह असे: पदवीधर नसेल किंवा मराठी लिहिता येत नसेल, तर निवड नाही. दोहोंपैकी एक कमी पडले तरी पुरे. उलट नियम ‘पदवीधर असेल आणि मुलाखत उत्तीर्ण झाला तर निवड होते’ असा असेल, तर निवड न झालेल्याविषयी एवढेच कळते की यांपैकी निदान एक गोष्ट त्याने पुरी केलेली नाही. कोणती, ते कळत नाही.

कॉन्ट्रापॉझिटिव्ह मराठीत बोलून पाहताना एक अडचण येते, तीही येथेच दूर करतो. ‘पाऊस पडला तर अंगण ओले होते’ याचे यांत्रिक रूप ‘अंगण ओले झाले नाही तर पाऊस पडत नाही’ असे होते, आणि अंगणानेच पाऊस अडवून धरला आहे असे वाटू लागते. तर्क बरोबर असूनही वाक्य विचित्र वाटते, म्हणून विद्यार्थी ते नाकारतात. अशा वेळी सरकारी आदेशांतली ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ ही जोडी वापरावी: ज्याअर्थी अंगण कोरडे आहे, त्याअर्थी पाऊस पडलेला नाही. बाण कारणाकडून परिणामाकडे जातोच असे नाही. एक गोष्ट कळल्यावर दुसरी कोणती कळते, एवढेच तो दाखवतो. इतर बाबतींत मला आदेशांची भाषा आवडत नाही, पण येथे ती अगदी चपखल बसते.

आता प्रत्यक्ष प्रश्न. पहिला प्रकार असा असतो की एक मुख्य विधान देतात, त्याखाली चार लहान विधाने देतात आणि कोणती जोडी त्याच क्रमाने तर्काला धरून आहे ते विचारतात. मुख्य विधान: ‘वीज गेली की गिरणी बंद पडते.’ त्याखाली (क) वीज गेली आहे, (ख) गिरणी बंद आहे, (ग) गिरणी चालू आहे, (घ) वीज गेलेली नाही. बाण: वीज गेली → गिरणी बंद. कॉन्ट्रापॉझिटिव्ह: गिरणी चालू → वीज गेलेली नाही. म्हणून क-ख आणि ग-घ या दोनच जोड्या चालतात. ख-क चालत नाही, कारण गिरणीवाल्याने दगडाला टाकी लावायला घेतली असेल, किंवा तो लग्नाला गेला असेल. घ-ग ही जोडी दिसायला निरागस आहे, पण त्याच कारणाने बाद होते. एका बाणाला दोनच वैध जोड्या असतात. हा प्रकार सवयीने अर्ध्या मिनिटात सुटतो.

दुसरा प्रकार साखळीचा, आणि कॉन्ट्रापॉझिटिव्ह खरे कामाला येते ते तेथे. एका गावाच्या पाणी समितीत आशा, बाळू, चंदा, दिनू, एकनाथ आणि फुला यांच्यातून काही जण घ्यायचे आहेत. अटी अशा: आशा असेल तर बाळू नसेल. बाळू नसेल तर दिनू असेल. चंदाशिवाय दिनू येणार नाही. एकनाथ असेल तरच चंदा येईल. एकनाथ आणि फुला यांपैकी निदान एक जण असेलच.

पर्यायांकडे पाहण्यापूर्वी प्रत्येक अट बाणात लिहावी. आशा → बाळू नाही. बाळू नाही → दिनू. तिसऱ्या अटीत ‘शिवाय’ चंदाला लागला आहे, म्हणून दिनू → चंदा. चौथीत ‘तरच’ एकनाथाच्या अटीला लागला आहे, म्हणून चंदा → एकनाथ. एकाचे टोक दुसऱ्याच्या शेपटाला जुळत जाते आणि एकच लांब साखळी तयार होते: आशा → बाळू नाही → दिनू → चंदा → एकनाथ. ही साखळी शेवटाकडून नकार लावत उलटी लिहिली की दुसरी मिळते: एकनाथ नाही → चंदा नाही → दिनू नाही → बाळू → आशा नाही. पाचवी अट ‘किंवा’ची आहे, तिचा बाण एकाच्या नकारापासून सुरू होतो: एकनाथ नाही → फुला, आणि उलट बाजूने फुला नाही → एकनाथ.

आता प्रश्न विचारला की एकनाथ समितीत नसेल तर कोण असेल? दुसरी साखळी वाचत जायची: चंदा नाही, दिनू नाही, बाळू आहे, आशा नाही, आणि पाचव्या अटीने फुला आहे. समितीत बाळू आणि फुला हे दोघेच. उलट एकनाथ समितीत असेल तर निश्चितपणे आणखी कोण असेल, असा प्रश्न आला तर उत्तर ‘कोणाविषयीही सांगता येत नाही’ हे आहे. एकनाथ पहिल्या साखळीच्या टोकाला आहे, आणि टोकावरून मागे जाता येत नाही. खात्री हवी असेल तर दोन समित्या करून पाहाव्यात: एकनाथ आणि बाळू ही समिती चालते, आशा, दिनू, चंदा, एकनाथ आणि फुला हीही चालते. पहिलीत असलेला बाळू दुसरीत नाही, आणि दुसरीतले उरलेले चौघे पहिलीत नाहीत.

या कोड्यात एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे. ‘आशा → बाळू नाही’ आणि ‘बाळू नाही → दिनू’ या दोन अटी सारख्याच दिसतात, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. पहिलीत नकार बाणाच्या टोकाला आहे. तिचा अर्थ दोघे एकत्र नकोत, दोघेही नसले तरी चालेल. दुसरीत नकार शेपटाला आहे. तिचा अर्थ बाळू आणि दिनू यांपैकी निदान एक हवाच, दोघेही असले तरी चालेल. ‘बाळू नसेल तर दिनू असेल’ हे वाचून बाळू असेल तर दिनू नसेल, असे जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी गृहीत धरतो. हे एकदा कळले की लहानमोठ्या समितीचे प्रश्नही सुटतात: आशा आणि बाळू एकत्र येत नाहीत म्हणून जास्तीत जास्त पाच जण, आणि बाळू असला तरी एकनाथ किंवा फुला यांपैकी एक लागतोच, तर बाळू नसेल तेव्हा दिनू, चंदा आणि एकनाथ हे तिघे येतात, म्हणून कमीत कमी दोन जण.

तिसरा प्रकार उताऱ्याचा. ‘ज्या गावांनी पाणी अडवण्याची कामे नीट केली, त्यांच्या विहिरींना मे महिन्यात पाणी असते. या गावाच्या विहिरींना मे महिन्यात पाणी आहे. तेव्हा या गावाने ती कामे नीट केलेली असणार.’ यातला दोष ओळखा, असा प्रश्न असतो. उतारा दहा ओळींचा असला तरी आत असाच एक बाण आणि त्याचा व्यत्यास दडलेला असतो. गाव कालव्याच्या कडेला असेल, हा येथला लोखंडी गोळा. हाच उतारा देऊन ‘युक्तिवाद टिकण्यासाठी काय गृहीत धरावे लागेल’ असेही विचारतात. तेव्हा ‘अशी कामे केल्याशिवाय मे महिन्यात पाणी राहत नाही’ हा पर्याय निवडावा, कारण हवा असलेला उलटा बाण तोच पुरवतो. अमेरिकेतल्या कायद्याच्या प्रवेशासाठीच्या एलसॅट परीक्षेने ऑगस्ट २०२४ पासून समितीच्या कोड्यांसारखा विभाग काढून टाकला, पण युक्तिवादाच्या अशा प्रश्नांचे गुण धरले जाणारे विभाग आता दोन झाले आहेत, हे तिकडे जाऊ पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

माणसे हे सारे इतके का चुकतात, याचा एक जुना प्रयोग आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेले चार पत्त्यांचे कोडे मराठी अक्षरांत असे होईल: टेबलावर अ, क, ४ आणि ७ असे चार पत्ते आहेत, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळला आहे की नाही हे पाहण्यासाठी कोणते पत्ते उलटावेत? बहुतेक लोक अ आणि ४ सांगतात. बरोबर उत्तर अ आणि ७ हे आहे. ४ च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. ७ उलटणे म्हणजेच कॉन्ट्रापॉझिटिव्ह तपासणे.

पण हीच माणसे एसटीत चुकत नाहीत. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत महिलांना अर्धे तिकीट आहे. महिला → अर्धे तिकीट हा बाण सर्वांना कळतो, आणि अर्धे तिकीट दिसले की प्रवासी महिलाच असणार, असे कोणी म्हणत नाही, कारण शेजारी ६५ वर्षे पूर्ण केलेले आजोबा आणि दहा वर्षांचा नातूही अर्ध्या तिकिटावरच बसलेले असतात. तपासनीस ओळखपत्र मागतो ते अर्धे तिकीट हाती असलेल्या आजोबांकडे. पूर्ण तिकीटवाल्याला तो वय विचारत नाही. म्हणून अक्षरे आणि चिन्हे पाहून डोके चालेनासे झाले, तर तेच विधान तिकीट, पास किंवा रेशनकार्डाच्या भाषेत मनात मांडून पाहावे.

कॉन्ट्रापॉझिटिव्ह कोठे चालत नाही, हेही ठाऊक असावे. ‘काही शिक्षक कवी आहेत’ याचा बाण काढताच येत नाही. फार तर काही कवी शिक्षक आहेत एवढे म्हणता येते. ‘बहुतेक’ तर आणखी फसवे. ‘या पेटीतले बहुतेक आंबे गोड आहेत’ यावरून ‘जे गोड नाहीत त्यांतले बहुतेक या पेटीतले नाहीत’ असे निघत नाही. बाजारातले बाकीचे सगळे आंबे गोड असतील, तर आंबट तेवढे याच पेटीत असतील. म्हणून अशी विधाने बाणांच्या शेजारी लिहू नयेत. मी ती पानाच्या उजव्या कडेला, बाण न काढता, जशीच्या तशी लिहायला सांगतो.

परीक्षेच्या वेळेचा हिशोबही पाहावा लागतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील सीसॅट पेपरमध्ये दोन तासांत ८० प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला सरासरी दीड मिनिट, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. सगळे बाण लिहायला वीस-तीस सेकंद जातात आणि घाईच्या वेळी ते जड वाटतात, पण एका समितीवर तीन-चार प्रश्न असतील तर ती साखळी सगळ्यांना पुरते. बाण लिहिताना नावाचे पहिले अक्षर पुरे, नकारासाठी अक्षरावर आडवी रेघ, आणि प्रत्येक बाणाच्या खालच्या ओळीत लगेच त्याचे कॉन्ट्रापॉझिटिव्ह. नंतर लिहू म्हणून ठेवलेले कॉन्ट्रापॉझिटिव्ह लिहायचे राहून जाते आणि नेमका त्याच्यावरचाच प्रश्न समोर येतो.